उपयोग काय त्याचा?

माझ्याकडे एक गंजलेली मोटार आहे आणि ती मी दुरुस्त करते आहे, असं सांगितलं की समोरून हमखास दोनपैकी एक प्रश्न येतो. विचारणारा पुरुष असेल तर, ‘मिस्टरांना हौस दिसतेय!’ आणि बाई असेल तर, ‘पण उपयोग काय गं त्याचा?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिस्टरांना अजिबात हौस नाही. ते बँकेत आहेत, गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जाता जाता, जिन्यात उभ्याउभ्या देता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे ‘स्टँडर्ड हेरल्ड’. साठीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल. अँबॅसॅडर, फियाट आणि हेरल्ड ही त्या काळची नेहमी दिसणारी मंडळी. मूळची ही इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, 1959 साली बाजारात आलेली. तिला रूप दिलं जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलाकाराने. 1961 पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीत बनायला लागली. 948 सीसीचं लहानसं इंजिन आणि दोन दारं. तिचं छत चक्क नटबोल्टांनी बसवलेलं असतं. काढू म्हटलं तर निघतं. विलायतेत तर कंपनी स्वतःच तिचं उघड्या टपाचं रूप विकायची. बाबांनी ही गाडी जुनीच घेतली होती, आणि आधीच्या मालकाने छत उतरवून कॅनव्हासचं घडीचं हूड बसवून घेतलेलं होतं. रत्नागिरीजवळच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या माणसाने, जिथे चार महिने पाऊस थांबत नाही तिथे, उघड्या टपाची गाडी घ्यावी! मागच्या सीटवर आम्ही भावंडं छत्री उघडून बसायचो. मी अकरा वर्षांची असताना ती बंद पडली, ती पडवीशेजारच्या खोपीत गेली आणि तीस वर्षं तिथेच राहिली. कोंबड्या बसायच्या तिच्यात.

बाबा गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि दादाने आवराआवर काढली. भंगारवाल्याने गाडीचे अठरा हजार सांगितले. मी म्हटलं, ‘मला दे.’ दादा हसलाच. ‘तुला काय करायचीय? भावजींना पाहिजे का?’ मला पाहिजे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. दादा वाईट नाही बरं का. पण माहेराहून लेकीने काय न्यावं याची एक न लिहिलेली यादी आपल्या घराघरांत असते. आईच्या साड्या, पितळेचं डबं-घंगाळ, आंब्याची पेटी, फार तर एखादा दागिना. चाकं असलेली वस्तू त्या यादीत बसत नाही. 2005 सालच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ठणकावून सांगितला, आणि तरी आमच्या बचत गटातल्या बायका राखी पौर्णिमेच्या आगेमागे हक्कसोड पत्रावर सह्या करून येतात, हे मी दर वर्षी बघते. ‘माहेर तुटायला नको हो ताई.’ त्यांना मी काय बोलणार? पण भंगार म्हणूनसुद्धा एखादी वस्तू मुलीने मागितली तर घरात एवढी शांतता का पसरते, याचा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही.

ट्रकवर चढवून गाडी पुण्याला आणली. सोसायटीत ठेवायचा प्रश्नच नव्हता, आमच्या सेक्रेटरींना कुंडीसुद्धा खपत नाही. धायरीला एका गॅरेजच्या मागची पत्र्याची शेड महिना दीड हजाराने मिळाली. गॅरेजवाले काका सत्तरीचे, तरुणपणी फियाट-हेरल्डवर हात बसलेले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, बुटाने उंबऱ्याखालचा पत्रा ठोकला, तो भसकन आत गेला. मग ते आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाले, ‘साहेब, राहू द्या. वहिनींना समजावा.’ वहिनी दोन हातांवर उभ्या होत्या!

इथे थोडं गंजाबद्दल सांगायला हवं, कारण तीन वर्षं मी मुख्यतः त्याच्याशीच बोलते आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो, हे शाळेत शिकलो. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने तो झपाट्याने वाढतो, हे कोकणातल्या प्रत्येक खिडकीचे गज सांगतात. पण गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, हे मला हाताने कळलं. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतील तर मधल्या फटीत तो फुगून पत्रे विलग करतो. बोल्टच्या आट्यांत भरला की बोल्ट आणि नट एकजीव होतात. वरून रंग शाबूत, आत पापुद्रे, असं हेरल्डच्या ठरावीक ठिकाणी होतं. दाराखालचे उंबरे, पायाखालची जमीन, डिकीचा तळ, आणि बॅटरी ठेवतात त्याच्या खालचा पत्रा, कारण तिथे ॲसिड सांडलेलं असतं. आमच्या गाडीत ही सगळीच्या सगळी ठिकाणं गेली होती. जमिनीतून धायरीची जमीन दिसत होती.

तरीही नवशिक्या माणसाने जुनी गाडी हातात घ्यायची तर हेरल्डच घ्यावी, असं मी आता छातीठोकपणे सांगेन. हिला खाली वेगळी चासी आहे, म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेली. बिघडलेला तुकडा सोडवून बाहेर घेता येतो. बाहेरचा उंबरा तर नुसता झाकणासारखा, त्याच्यावर कसला भार नसतो. बॉनेट मडगार्डांसकट सबंध पुढे उलटतं, आणि मग चाकावर आरामात बसून इंजिनचं काम करता येतं. स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा जास्त सोय आहे, खोटं नाही सांगत.

पहिले तीन महिने मी फक्त बोल्ट काढले. आठवड्यातून दोन सकाळी, घरचं आवरून, डबे भरून झाल्यावर. आदल्या वेळी तेल घालून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, गॅसने तापवायचं, मग पाना लावायचा. पाने इंची लागतात ही तर एक वेगळीच कथा. आपल्या बाजारात सगळे मिलिमीटरचे. अकराचा पाना बसतच नाही, बाराचा सैल पडतो आणि बोल्टचे कोपरे झिजवतो. जुन्या बाजारात रविवारी खेटे घालून मी एकेक इंची पाना जमवला. मोबाइलवर प्रत्येक सुट्या भागाचा आधी फोटो, मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठ्या घालून बोल्ट. जाम झालेल्या इंजिनाचे प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये तेल ओतलं आणि पंधरा दिवस त्याला विसरून गेलो. सोळाव्या दिवशी काकांनी आणि मी पुढची पुली धरून हलके हलके जोर लावला. आधी काहीच नाही. मग बोटभर हललं. तेवढंच! पण काकांनी मोठ्याने ‘हे बघा!’ म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते वाक्य मला उद्देशून होतं.

हे सगळं ऐकून मैत्रिणी म्हणतात, ‘बायकांकडे चिकाटी असतेच ना, म्हणून तुला जमतं.’ हे कौतुक मला अजिबात मान्य नाही. चिकाटीने बोल्ट निघत नाही. तो निघतो उष्णता, तेल आणि योग्य मापाचा पाना यांनी, आणि यातलं मला काहीच येत नव्हतं. का येत नव्हतं? दादा बारा वर्षांचा असल्यापासून बाबांच्या शेजारी टॉर्च धरून उभा राहायचा. मी त्या वेळी आत आईला नारळ खवून देत असायचे. गॅरेजमधलं ज्ञान पुस्तकात थोडं आणि टॉर्च धरणाऱ्याच्या कानात जास्त असतं. आपण मुलींच्या हातात टॉर्च दिला नाही, आणि मग ‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’ म्हणून मोकळे झालो. मी बी.ए. मराठी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी काकांच्या शेजारी टॉर्च धरून उभी राहिले, एवढाच काय तो फरक.

पुस्तकाचाही उपयोग होतो म्हणा. हेरल्डच्या पुढच्या चाकांपाशी ट्रनियन नावाचा एक भाग असतो. त्याला ग्रीस चालत नाही, गिअरचं तेल घालायचं असतं. सगळीकडे ग्रीस मारायची सवय असलेले हात इथेही ग्रीस मारतात, आतला दांडा कोरडा पडतो, गंजतो, आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीचं चाक मुडपून बसतं. हे मी जुन्या दुरुस्ती-पुस्तिकेत वाचून काकांना सांगितलं. काका म्हणाले, ‘चाळीस वर्षं ग्रीसच मारतोय.’ मी पुस्तिकेचं पान उघडून शेडच्या खांबाला चिकटवलं आणि गप्प बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच ते खोललं. आतून दगडासारखं वाळलेलं ग्रीस निघालं. ‘ताई, तेल आणा,’ एवढंच बोलले. त्या दिवसापासून ‘वहिनी’ची ‘ताई’ झाले, आणि साहेबांना फोन करणं बंद झालं.

आता पैशांचं. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण खरा अवघड विषय तोच आहे. आतापर्यंत सव्वादोन लाख गेले आणि रंग अजून व्हायचा आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यात निम्मे गेले. एका डेंटरने निम्म्या पैशांत काम होईल असं सांगितलं होतं, म्हणजे भोकांवर जाळी लावून वरून पुट्टीचा थर. बाहेरून चकचकीत, आणि दोन पावसाळ्यांनी जैसे थे. त्याला नमस्कार केला. हे सव्वादोन लाख उभे राहिले माझ्या दोन पाटल्यांमधून. पाटल्या आईने लग्नात घातलेल्या, म्हणजे कायद्याने आणि रूढीने, दोन्हींनी माझ्या. तरी मोडायला गेले तेव्हा सराफाने विचारलं, ‘घरी सांगितलंय ना?’ घरी सांगितलं होतं. सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी पोळ्या लाटताना म्हणाल्या, ‘कितीला घेतल्या त्याने?’ आकडा सांगितल्यावर म्हणाल्या, ‘आपल्या नेहमीच्या सराफाने जास्त दिले असते.’ विषय संपला.

मैत्रिणींनो, आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर याहून जास्त पैसे घातले. दुसऱ्यांची बुलेट आहे, तिच्या नुसत्या आवाजासाठी ते वर्षाला किती मोजतात ते त्यांच्या बायकोला विचारा. त्याला ‘शौक’ म्हणतात. शौकाला उपयोग लागत नाही. बाईच्या हौशीने मात्र कुठे तरी कमाईचा, आरोग्याचा किंवा मुलांच्या संस्काराचा दाखला जोडावा लागतो. केक शिकलीस? मग ऑर्डर घे. शिवण शिकलीस? मग ब्लाउज शिव. मलाही सल्ला मिळालाच, गाडी झाली की लग्नाच्या वरातीला भाड्याने दे म्हणून. देणार नाही!

या सगळ्यात मला एका जर्मन बाईची फार आठवण होते. बर्था बेंझ तिचं नाव. लग्नाआधीच तिच्या हुंड्याचा पैसा होणाऱ्या नवऱ्याच्या, कार्ल बेंझच्या कारखान्यात गेला होता. नवऱ्याने मोटार बनवली, पण लोकांचा विश्वास बसेना. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती तीनचाकी मोटार बाहेर काढून निघाली. मानहाइम ते फोर्टझहाइम, शंभरावर किलोमीटर. कुठे निघाली? माहेरी, आईकडे! इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास हा असा झाला, आणि चालक व मेकॅनिक एकच बाई होती. मग मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पाना आपल्या हातून गेला कुठे?

हे मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाली, ‘ताई, तुमची हौस हाय. आमचं पोट हाय.’ बोलणं खरं होतं. धुण्याभांड्याची चार घरं करणाऱ्या बाईला गंज घासत बसायला वेळ नाही आणि मोडायला पाटल्या नाहीत. जुनी गाडी दुरुस्त करणं हा पोट भरलेल्या माणसाचा उद्योग आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मग मी तिलाच विचारलं, तुझ्या मुलाला गॅरेजमध्ये का घातलंस? ती म्हणाली, हाताला काम शिकेल. आणि मुलीला? मुलीला मेंदीचा क्लास. मेंदीने वर्षातून लग्नसराईचे दोन-अडीच महिने पैसे मिळतात, वेल्डिंगला बारा महिने मागणी आहे, हे हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगले येतात. तरी यादी तीच. माहेरच्या यादीसारखीच हीही न लिहिलेली. संस्थांच्या प्रशिक्षणांची यादीही बघा. शिवण, पापड-लोणची, ब्यूटी पार्लर, अगरबत्ती. एकाच गल्लीत चौदा शिलाई मशीन झाली, आता ब्लाउज शिवायचे कोणाचे? आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा, मुलींना दोन्हीकडे प्रवेश आहे. आमच्या पत्रकांत ही दोन नावं छापायला काय हरकत आहे, एवढंच मी कार्यकारिणीपुढे मांडलं. ‘पालक तयार होणार नाहीत’ म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. मी तो दर वेळी काढते.

दरम्यान त्याच बाईची मुलगी, सतरा वर्षांची, एका रविवारी धायरीला आली. आली ती बघायला. काकांनी तिच्या हातात काळ्या काचेचा मुखवटा दिला आणि डिकीच्या नव्या तळाचे चार ठिपके तिच्याकडून जोडून घेतले. दोन ठिपके सुटले, दोन अजून आहेत. ती येत राहिली. आईची तक्रार अशी की, उन्हात आणि धुरात पोरगी काळी पडेल, मग तिला कोण करून घेईल? मी यावर भाषण दिलं नाही. काकांनी दिवसाचे दोनशे रुपये देऊ केले, तेव्हा तक्रार जरा कमी झाली.

गाडीचं म्हणाल तर इंजिन सुरू झालं आहे. धूर फार येतो, पण आवाज तोच, बाबा रात्री कॉलवरून परत यायचे तेव्हाचा. हुडाच्या कमानी सरळ करून घेतल्या आणि कापड नाना पेठेत रिक्षाचं हूड शिवणाऱ्या कारागिराने शिवलं. त्याने आधी मापं घेतली, मग विचारलं, ‘मीटर कुठे लावणार?’ दारं अजून नीट बसत नाहीत. हेरल्डचा तोच त्रास आहे. बॉडीचे तुकडे चासीवर पातळ चकत्या घालून वरखाली करत बसवावे लागतात. एक दार जमलं की दुसरं बिनसतं. दसऱ्यापर्यंत रंग होईल असं काका म्हणतात. कुठला दसरा ते सांगत नाहीत.

कागदपत्रांचं काम मात्र मी दुरुस्तीबरोबरच सुरू केलं, आणि ज्यांच्या खोपीत अशी एखादी गाडी उभी आहे त्यांना हेच सांगेन. मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओचा 31 नंबरचा फॉर्म लागतो, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लेखी द्यावं लागतं. म्हणजे या वेळी हक्क सोडल्याची सही दादाने माझ्यासाठी केली. नोंदणीची मुदत संपलेली असते, तेव्हा गाडी चालती करून तपासणीला उभी करावी लागते. 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम आले. त्यात नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. छत काढलेल्या माझ्या गाडीला तो मार्ग अवघडच आहे, आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला तर ती मंडईत न्यायची आहे. म्हणून साधीच नोंदणी करणार.

तेव्हा भंगारवाल्याला बोलवण्याआधी एक दिवस थांबा. गाडीखाली टॉर्च घेऊन वाका, चासी शाबूत आहे का ते बघा, वरच्या पत्र्याला घाबरू नका. आणि कपाटं, ट्रंका, देवघरामागची फळी, सगळीकडे तिचं आरसी पुस्तक शोधा. आमचं बाबांच्या स्टेथोस्कोपच्या डब्यात निघालं, पानं एकमेकांना चिकटलेली. ती वाफेवर सोडवली. सापडलं की पहिल्यांदा त्याची झेरॉक्स काढून ठेवा.